कृत्रिम नेत्रभिंग : पाऊण शतकाची वाटचाल आणि निवडीचा विवेक

जैन दर्शनात जीवांची गणना त्यांच्या इंद्रियांवरून केली जाते. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षु आणि श्रोत्र या क्रमात चक्षूचे स्थान चौथे आहे. डोळ्यांना दिसते म्हणूनच वाटेवरील मुंगी पायाखाली येण्यापूर्वी पाऊल थबकते, धान्य निवडताना किडा अलगद बाजूला काढता येतो आणि स्वाध्यायासाठी ग्रंथाचे पान उघडता येते. ईर्यासमितीचे पालन असो वा शास्त्रवाचन, दोन्हींचा आधार दृष्टी हाच आहे. उतारवयात मोतीबिंदूची साय या दृष्टीवर चढू लागली की केवळ एक इंद्रिय मंदावत नाही, तर माणसाचा सारा नित्यक्रम परावलंबी होऊ लागतो.

आज मोतीबिंदूचे निदान झाले की घरात घबराट होत नाही. प्रश्न मात्र एक हमखास उभा राहतो. कोणते भिंग बसवायचे? रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर साधे, घडीचे, टोरिक, मल्टिफोकल, ट्रायफोकल अशी नावे असतात आणि त्यांच्यापुढे चढत्या किमती लिहिलेल्या असतात. मुले म्हणतात, सर्वांत चांगले असेल तेच बसवा. सर्वांत चांगले म्हणजे सर्वांत महाग, हे बहुधा सर्वांनी गृहीतच धरलेले असते. दुसरीकडे, धर्मादाय शिबिरात विनामूल्य भिंग मिळालेल्या वृद्धाच्या मनात आपल्याला हलके भिंग तर बसवले नाही ना, अशी शंका घर करते. ही दोन्ही गृहीतके कितपत खरी आहेत, हे पाहावयाचे तर या भिंगाचा इतिहास पाहावा लागतो. तो अवघ्या पाऊण शतकाचा आहे. पण त्यात धाडस, विरोध, चुका, दुरुस्त्या आणि सेवाभाव यांचे विलक्षण मिश्रण आढळते.

भिंगाविना दृष्टी

मोतीबिंदूवरील उपचाराची परंपरा भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या विकाराचे वर्णन असून शलाकेच्या साहाय्याने त्यावर करावयाची क्रिया सांगितली आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून शलाका आत घालून गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या मार्गातून बाजूला सारावयाचे, असे तिचे स्वरूप होते. भिंग डोळ्याबाहेर येत नसे, ते आतल्या आतच ढकलले जाई. रुग्णाला तत्काळ उजेड व आकृती दिसू लागत. परंतु जंतुसंसर्ग आणि डोळ्यातील वाढता दाब यांमुळे कित्येक डोळे पुढे कायमचे निकामी होत. तरीही गावोगावी फिरणाऱ्या वैद्यांच्या हाती ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली.

डोळ्याला छेद देऊन मोतीबिंदू बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समधील जाक दाव्हिएल यांनी १७४७ साली रूढ करण्यास प्रारंभ केला. भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी जालंधर येथे हेन्री स्मिथ या लष्करी शल्यवैद्याने संपूर्ण भिंग त्याच्या आवरणासह काढण्याच्या पद्धतीने इतक्या शस्त्रक्रिया केल्या की, त्यांचे नाव त्या गावाशी कायमचे जोडले गेले. पुढे कित्येक दशके हीच पद्धत आपल्याकडील नेत्रशिबिरांतून चालली. शाळेच्या खोल्या, धर्मशाळा, मंगल कार्यालये आणि तंबू यांत शिबिरे भरत. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्टी बांधून रुग्णाला निश्चल पडून राहावे लागे. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवल्या जात. दानशूर व्यक्ती आणि समाजसंस्था यांनी या शिबिरांचा भार मोठ्या श्रद्धेने उचलला.

या साऱ्या खटाटोपानंतर रुग्णाच्या हाती येई तो सुमारे दहा नंबरचा जाड भिंगांचा चष्मा. नैसर्गिक भिंग गेल्याने डोळ्याची जी शक्ती उणी झाली ती हा चष्मा भरून काढी. पण त्यातून प्रत्येक वस्तू सुमारे पाव पटीने मोठी आणि म्हणूनच जवळ आल्यासारखी दिसे. पाण्याचा पेला धरावयास हात पुढे केला की तो पेल्यापर्यंत पोहोचत नसे. जिन्याची पायरी चुके. कडेचे दिसत नसे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर दोन डोळ्यांतील प्रतिमांचा आकार जुळत नसे आणि एकाच्या दोन वस्तू दिसत. चष्मा हरवला किंवा फुटला की शस्त्रक्रिया झालेला माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा. शेतमजुराच्या घरात नवा चष्मा येण्यास किती काळ लागत असेल, याची कल्पना करता येते. शिबिराच्या अहवालात त्या रुग्णाची नोंद मात्र यशस्वी अशीच राही.

विमानाच्या काचेचा धडा

या अपुरेपणावरील उपाय दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीतून पुढे आला. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या हरिकेन विमानावर गोळीबार झाला आणि विमानाच्या छताचे पर्स्पेक्स, म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिक, फुटून त्याचे कण त्यांच्या डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. दुसरा मात्र कण आत असूनही शाबूत राहिला. अशा वैमानिकांची तपासणी करणारे लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात एक गोष्ट आली. डोळ्यात शिरलेला परका पदार्थ सहसा दाह निर्माण करतो. हे प्लास्टिक मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे पडून राहते. रिडली यांनी युद्धकाळात भारत व ब्रह्मदेश येथेही सेवा केली होती.

युद्ध संपल्यावर त्यांची मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया पाहत असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले की, गढूळ भिंग काढले, तर त्याजागी दुसरे स्वच्छ भिंग का बसवीत नाहीत? प्रश्न बालसुलभ होता, पण रिडली यांच्या मनात घोळणाऱ्या कल्पनेला त्याने चालना दिली. रेनर या कंपनीच्या साहाय्याने पर्स्पेक्सचे शुद्ध रूप वापरून भिंग घडविण्यात आले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षे वयाच्या एका स्त्रीच्या डोळ्यात मानवाने घडविलेले पहिले भिंग ठेवले गेले. ते कायमचे बसविण्याचा दुसरा टप्पा फेब्रुवारी १९५० मध्ये पार पडला.

रिडली यांनी हे कार्य प्रारंभी गुप्त ठेवले होते. जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्ड येथील नेत्रवैद्यकाच्या परिषदेत त्यांनी ते मांडले तेव्हा कौतुकाऐवजी कडवट विरोध त्यांच्या वाट्याला आला. नेत्रशल्यविशारदाचे काम डोळ्यातील परका पदार्थ काढण्याचे. आपण होऊन तो आत ठेवणे म्हणजे अविचार, अशी त्या काळच्या धुरिणांची भूमिका होती. त्या काळचे सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर हे विरोधकांत अग्रणी होते. हा विरोध केवळ मत्सरापोटी होता असे म्हणणे न्यायाचे ठरणार नाही. रिडली यांचे भिंग जड होते, ते जागेवरून घसरे, दाह होई; आणि काही डोळ्यांतून ते काढावेही लागले. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रिडली यांनी ते बसविणे थांबविले.

पहिल्या रुग्णाच्या बाबतीतील एक तपशील आजच्या निवडीच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. भिंग आत स्थिरावले, डोळ्याने ते स्वीकारले. पण त्या स्त्रीला सुमारे उणे अठरा इतका मोठा नंबर आला. भिंगाचा आकार नैसर्गिक भिंगासारखा घेतला गेला. परंतु प्लास्टिक नैसर्गिक भिंगापेक्षा प्रकाश अधिक वाकविते, हा हिशेब चुकला होता. कल्पना युगप्रवर्तक होती, कारागिरी उत्तम होती, मोजमाप मात्र चुकले. पुढील पाऊण शतकाचा इतिहास पाहता, भिंगाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व मोजमापाला आहे हे पहिल्याच दिवशी सिद्ध झाले होते.

चुकांतून शहाणपण

पुढील तीस वर्षे ही एक खडतर शाळाच होती. भिंग नैसर्गिक जागी टिकत नाही म्हणून १९५०च्या दशकात ते परितारिकेच्या पुढे बसविण्याचे प्रयोग झाले. इटलीचे स्ट्राम्पेल्ली आणि इंग्लंडचे चॉइस यांची नावे या संदर्भात घेतली जातात. परंतु ही भिंगे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाच्या फार जवळ येत आणि काही वर्षांनी ते पटलच धूसर होई. हॉलंडचे बिंकहॉर्स्ट यांनी १९५८ साली परितारिकेला चिमटीप्रमाणे धरून राहणारे भिंग आणले. सोव्हिएत रशियात फ्योदोरोव्ह यांनीही त्याच दिशेने काम केले. अखेरीस १९७७ साली अमेरिकेचे स्टीव्हन शिअरिंग यांनी लवचीक तंतूंच्या आधारे परितारिकेच्या मागे बसणारे हलके भिंग प्रचारात आणले. म्हणजे तीस वर्षांच्या भटकंतीनंतर भिंग पुन्हा रिडली यांनी सांगितलेल्या जागीच परतले. निसर्गाने नेमून दिलेली जागाच योग्य होती. चुकत होते ते भिंगाचे वजन आणि आधार.

याच काळात शस्त्रक्रियाही पालटली. न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याकडील स्वनातीत कंपनांच्या उपकरणावरून कल्पना सुचली आणि १९६७ साली त्यांनी त्या कंपनांनी मोतीबिंदूचा चुरा करून तो सूक्ष्म छेदातून शोषून घेण्याची पद्धत सुरू केली. तीच आजची फेको. भिंगाचे आवरण आत तसेच राखून गाभा काढण्याची पद्धत स्थिरावल्याने नव्या भिंगाला बसावयास एक नैसर्गिक पिशवी मिळाली.

१९८०च्या सुमारास आणखी एक साधन आले. शस्त्रक्रिया चालू असता डोळ्याचा आकार टिकवून नाजूक पेशींचे रक्षण करणारा घट्टसर द्राव वापरला जाऊ लागला. त्यातील मूळचे सोडियम हायलुरोनेट कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढले जात असे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या रुग्णाने याविषयी विचारणा केली तर त्यात वावगे काही नाही. आज हाच पदार्थ जिवाणूंच्या किण्वनप्रक्रियेतूनही बनतो आणि भारतात मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा एचपीएमसी हा द्राव वनस्पतीजन्य सेल्युलोजपासून तयार होतो. औषधोपचारातील असा विचार जैन परंपरेला नवा नाही. राष्ट्रकूटकाळातील उग्रादित्याचार्यांनी मद्य, मांस व मध वर्ज्य करून 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ रचला आणि तो १९४० साली सोलापुरातून प्रकाशित झाला, हे येथे स्मरणीय आहे. भिंगाविषयी मात्र कोणताही किंतु बाळगण्याचे कारण नाही. ते ॲक्रिलिकचे असो वा सिलिकॉनचे, प्राणिज पदार्थ त्यात नसतो.

भारतातील अर्धशतक

ज्या अर्धशतकाचा उत्सव ही स्मरणिका साजरा करीत आहे, त्याच काळात भारतातील मोतीबिंदूच्या उपचाराचे रूप आमूलाग्र बदलले. १९७६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर अवघ्या अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले. संधिवाताने बोटे वाकलेल्या या शल्यविशारदाने पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून निर्धनांच्या शस्त्रक्रिया करण्याची व्यवस्था उभारली.

अडचण होती ती भिंगाची. परदेशी भिंगाला शंभर डॉलरच्या आसपास पैसे मोजावे लागत. साहजिकच सधनाच्या डोळ्यात भिंग आणि निर्धनाच्या नाकावर जाड चष्मा, अशी विभागणी झाली. स्वस्त भिंगे भारतात बनू शकणार नाहीत, गरीब देशांना चष्माच पुरेसा आहे, असा सूर त्या काळी तज्ज्ञांतूनही उमटत असे. त्याला उत्तर म्हणून १९९२ साली मदुराई येथे ऑरोलॅब ही संस्था स्थापन झाली. तिने भिंगाची किंमत दहा डॉलरच्या खाली आणली आणि ही भिंगे पुढे अनेक देशांत निर्यात होऊ लागली. चष्मा आणि भिंग यांतील जी भिंत पैशाने उभी केली होती, ती पाडण्याचे हे कार्य नेत्रसेवेच्या इतिहासात अनन्यसाधारण मानावे लागेल.

१९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबविला गेला आणि त्यात एक कोटीहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तंबूतील शस्त्रक्रिया मागे पडली. गावात केवळ तपासणी, रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि डोळ्यात भिंग, असा नवा पायंडा पडला. याच सुमारास भारतीय व नेपाळी नेत्रतज्ज्ञांनी लहान छेदाची, बिनटाक्याची हाताने करावयाची शस्त्रक्रिया प्रगल्भ केली. तिला महागडे यंत्र लागत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे रुग्णांवर फेको आणि ही पद्धत यांची तुलना करण्यात आली व २००५ साली ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनंतर चष्म्याशिवायच्या दृष्टीत फेको काहीशी सरस ठरली. पण योग्य नंबरचा चष्मा दिल्यावर दोन्ही गटांतील सुमारे ९८ टक्के रुग्णांची दृष्टी सारखीच चांगली आढळली. स्वस्त उपचार म्हणजे हलका उपचार, या समजाला महाराष्ट्रातूनच मिळालेले हे उत्तर होय.

जैन समाजाच्या संस्थाही या कार्यात मागे राहिल्या नाहीत. पुणे जिल्ह्यातील चास-कमान येथे जन्मलेल्या साध्वी चंदनाजी यांनी उपाध्याय अमरमुनी यांच्या प्रेरणेने १९७३ साली बिहारमधील राजगीर येथे वीरायतन या संस्थेची स्थापना केली आणि तेथील नेत्र रुग्णालयाने त्या भागातील ग्रामीण रुग्णांना दृष्टीचे दान दिले. पुढे १९८७ साली त्या आचार्य पदावर विराजमान झाल्या. तरीही कार्य संपलेले नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नास वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वामागे ६६.२ टक्के प्रकरणांत उपचार न झालेला मोतीबिंदू हेच कारण आढळले.

एका भिंगाची अनेक रूपे

शिअरिंग यांच्या काळापर्यंत निवडीचा प्रश्नच नव्हता. भिंग मिळते की नाही एवढेच पाहिले जाई. त्यानंतर मात्र वाटा फुटत गेल्या.

पहिली वाट पदार्थाची. मूळचे ॲक्रिलिक कठीण असल्याने सुमारे सहा मिलिमीटरचा छेद लागे आणि फेकोच्या लहान छेदाचा लाभ वाया जाई. १९८४ साली अमेरिकेत मॅझोक्को यांनी घडी करता येणारे सिलिकॉनचे भिंग वापरले. १९९०च्या दशकात मऊ ॲक्रिलिकची भिंगे आली आणि तीन मिलिमीटरहून लहान छेदातून आत जाऊन उलगडू लागली. व्यवहारात ज्याला घडीचे भिंग म्हणतात ते हेच. जखम लहान, भरून येणे लवकर आणि छेदामुळे येणारा सिलिंडरचा नंबर कमी, हे त्याचे लाभ. भिंगाची मागील कड धारदार चौकोनी ठेवली तर मागच्या आवरणावर पुन्हा जाळी येण्याचे प्रमाण घटते, हेही पुढे ध्यानात आले. अशी जाळी आलीच तर ती लेझरने काही मिनिटांत दूर करता येते.

दुसरी वाट दृष्टीच्या अंतराची. तरुणपणी नैसर्गिक भिंग आपला आकार बदलून दूरचे व जवळचे दोन्ही दाखविते. चाळिशीनंतर ही शक्ती ओसरते. कृत्रिम भिंग आकार बदलत नाही. म्हणून साधे, म्हणजे एककेंद्री भिंग एकाच अंतरासाठी बसविले जाते. बहुधा दूरचे स्पष्ट राखतात आणि वाचनासाठी चष्मा देतात. यावर तोड म्हणून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बहुकेंद्री म्हणजे मल्टिफोकल भिंगे आली; अमेरिकेत अशा भिंगाला १९९७ साली मान्यता मिळाली. २०१०च्या सुमारास दूर, मध्यम आणि जवळ अशा तिन्ही अंतरांची ट्रायफोकल भिंगे युरोपात वापरात आली. त्यानंतर २०१४च्या सुमारास स्पष्टतेचा पल्ला लांबविणारी ईडॉफ भिंगे आली. ती दूरचे आणि हाताच्या अंतरावरचे चांगले दाखवितात. बारीक अक्षरांसाठी मात्र पुष्कळदा चष्मा लागतोच.

तिसरी वाट सिलिंडरच्या नंबरची. ज्यांच्या डोळ्याच्या पुढील पटलाची गोलाई सर्व बाजूंनी सारखी नसते, त्यांना साध्या भिंगाने दूरचेही धूसर दिसते. त्यांच्यासाठी जपानमध्ये १९९२ साली टोरिक भिंग प्रथम बसविले गेले. ते ठरावीक कोनातच बसावे लागते. एक अंशाने फिरले तर त्याचा सुमारे तीन टक्के गुण जातो आणि तीस अंशांनी फिरले तर सारा लाभ नाहीसा होतो.

या साऱ्या विकासातून एक सूत्र हाती येते. साधे भिंग सारा प्रकाश एकाच ठिकाणी एकवटते, म्हणून त्यातील प्रतिमा ठसठशीत असते. बहुकेंद्री भिंग तोच प्रकाश दोन-तीन ठिकाणी वाटते. चष्म्यापासून बरीच मुक्ती मिळते. परंतु मंद उजेडात रंगछटांतील भेद किंचित फिका पडतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांना त्यांची सवय होते, काहींना होत नाही. म्हणजे प्रत्येक भिंग काही देते आणि काही घेते. केवळ देणारे भिंग अद्याप कोणी घडविलेले नाही.

मोजमापाचे माहात्म्य

रिडली यांच्या पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात जे चुकले ते सुधारण्यास पुढे अनेक वर्षे लागली. डोळ्याची लांबी आणि पुढील पटलाची गोलाई मोजून भिंगाचा नंबर काढण्याची सूत्रे १९६०च्या दशकात फ्योदोरोव्ह व इतरांनी मांडली; १९८० साली सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांचे सोपे सूत्र सर्वदूर रूढ झाले. लांबी मोजण्यास प्रथम ध्वनिलहरी वापरीत. १९९९ पासून प्रकाशकिरणांनी, डोळ्याला स्पर्श न करता मोजणारे यंत्र उपलब्ध झाले आणि अचूकता पुष्कळ वाढली.

डोळ्याची लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते. ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने बदलतो. म्हणून अचूक मोजून बसविलेले स्वस्त भिंग निष्काळजीपणे मोजलेल्या महाग भिंगापेक्षा निःसंशय श्रेष्ठ ठरते. बहुकेंद्री आणि टोरिक भिंगांच्या बाबतीत तर मोजमापातील अल्प चूकही सारा खर्च व्यर्थ करते.

निवडीचा विवेक

हा इतिहास पाहिल्यावर प्रारंभीच्या प्रश्नाचे स्वरूप बदलते. सर्वांत चांगले भिंग कोणते, असे न विचारता या डोळ्याला आणि या जीवनक्रमाला कोणते भिंग साजेल, असे विचारावे लागते.

प्रथम डोळ्याचा विचार. दृष्टिपटलाचा विकार, मधुमेहामुळे झालेली पडद्याची हानी किंवा वाढलेला काचबिंदू असेल तर प्रकाशाची वाटणी करणारे भिंग सहसा टाळले जाते. कारण मुळातच दुबळ्या पडद्याला प्रकाशाचा पुरा वाटा हवा असतो. सिलिंडरचा नंबर बराच असेल तर टोरिक भिंगावरील खर्च सार्थकी लागतो. तो नगण्य असेल तर त्या खर्चाला अर्थ नाही.

त्यानंतर जीवनक्रमाचा विचार. ज्याला रात्री महामार्गावर वाहन चालवावे लागते, त्याला दिव्यांभोवतीची वलये जाचक होतील. जो दुकानात उभा राहून गिऱ्हाईक, वजनकाटा आणि वही या तिन्हींकडे आळीपाळीने पाहतो, त्याला ट्रायफोकल भिंग उपकारक ठरू शकेल. जिचा दिवस धान्य निवडण्यात आणि पोथी वाचण्यात जातो, तिला जवळचे स्पष्ट राखणारे साधे भिंगही सोयीचे ठरेल. मग दूरसाठी चष्मा. एका डोळ्यात दूरचे आणि दुसऱ्यात जवळचे भिंग बसविण्याची पद्धतही आहे. ती ज्यांना मानवते त्यांचा खर्च साध्या भिंगांतच भागतो. ज्याला चष्म्याचा मुळीच त्रास वाटत नाही, त्याने चष्मा टाळण्यासाठी कर्ज काढावे हे उचित नव्हे.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी काही गोष्टी निःसंकोचपणे विचारून घ्याव्यात. पडद्याची तपासणी झाली का? डोळ्याची लांबी कोणत्या यंत्राने मोजली? सिलिंडरचा नंबर किती आहे? सुचविलेल्या भिंगाने कोणत्या अंतरासाठी चष्मा लागेल आणि रात्री काय जाणवेल? दुसऱ्या डोळ्याचे काय ठरले आहे? चांगला नेत्रतज्ज्ञ या प्रश्नांनी रुष्ट होत नाही. उलट, काय मिळणार नाही हे जो आधी सांगतो त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. भिंगाच्या वेष्टनावरील पट्टी शस्त्रक्रियेच्या कागदांसोबत जपून ठेवावी; तीवर भिंगाचा प्रकार आणि नंबर असतो व पुढील उपचारात ती उपयोगी पडते.

निवडीचा हा विवेक रुग्णापुरता मर्यादित नाही. नेत्रसेवेसाठी दान देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांनाही तो लागू पडतो. जाड चष्म्याच्या काळात शस्त्रक्रियांची संख्या हेच यशाचे माप मानले गेले आणि घरी परतलेल्या रुग्णाला खरोखर किती दिसते, हे क्वचितच पाहिले गेले. आज विनामूल्य शस्त्रक्रियेतही भिंग बसते, हे मोठे भाग्य आहे. ते भिंग साधे असेल, पण हलके नव्हे. सधनाच्या डोळ्यातील एककेंद्री भिंग ज्या तत्त्वावर चालते त्याच तत्त्वावर तेही चालते. मात्र ते नीट मोजून बसविले गेले का, महिन्याभराने पुन्हा तपासणी झाली का, वाचनाचा चष्मा रुग्णाच्या हाती पडला का आणि दुसऱ्या डोळ्याची वेळ आली तेव्हा त्याला पुन्हा बोलाविले का, या गोष्टींवर त्या दानाचे फळ अवलंबून आहे. शिबिराच्या खर्चात मोजमापाच्या चांगल्या यंत्राला आणि वाचनाच्या चष्म्यांना स्थान मिळाले, तर त्याच निधीतून अधिक दृष्टी पदरात पडेल.

रिडली दीर्घायुषी ठरले. ज्या कल्पनेसाठी त्यांनी अवहेलना सोसली, तिचा जगभर स्वीकार झालेला त्यांनी पाहिला. २००० साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि २००१ साली वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वार्धक्यात त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांच्याच सेंट थॉमस रुग्णालयात कृत्रिम भिंगे बसविली गेली. वैमानिक क्लीव्हर यांच्या उरलेल्या डोळ्यालाही पुढे अनेक वर्षांनी मोतीबिंदू झाला आणि ज्या प्लास्टिकने त्यांचा एक डोळा नेला, त्याच जातीच्या पदार्थाच्या भिंगाने दुसऱ्याची दृष्टी परत दिली. त्या भिंगाला ना टोरिक म्हणत, ना ट्रायफोकल. ते योग्य डोळ्यात, योग्य जागी आणि योग्य मापाने बसले होते. आजही भिंगाची निवड करताना किमतीच्या रकान्याआधी या तीन गोष्टी पाहिल्या, तर निवड सहसा चुकणार नाही.